जिल्हा परिषदेची शाळा नव्यानं बांधताना गावाचा वापर आराखड्यात कसा बसवायचा

जुनी शाळा पाडून नवी बांधायची म्हटलं की बहुतेक गावांत ठरलेला क्रम दिसतो. निधी मंजूर होतो, ठरावीक नमुन्याचा नकाशा येतो, खोल्या उभ्या राहतात, कंपाउंड होतं आणि शेवटी पैसे उरले तर भिंतीवर लेझीम खेळणाऱ्या मुली रंगवल्या जातात. संस्कृतीचं काम उरकलं. मग पहिल्याच उन्हाळ्यात कंपाउंडला भगदाड पडतं, कारण वस्तीची पाण्याची वाट त्या भिंतीनं अडवलेली असते. ग्रामसभा वर्गात भरते, बाकं मोडतात. स्नेहसंमेलनाला मुलींना कपडे बदलायला जागा नसते. शाळेचं लाईट बिल थकतं, आणि गणपतीत त्याच मीटरवरून माळा लागलेल्या असतात.

हा लेख शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुख्याध्यापक, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा, पैसा घेऊन गावात येणाऱ्या संस्थांची माणसं यांच्यासाठी आहे. गाव शाळेची जागा वापरतंच, कुणी परवानगी दिली नाही तरी वापरतं. तेव्हा ठरवायचं ते एवढंच की कुठल्या दारानं, कुठल्या वेळी, कुणाच्या जबाबदारीवर. ही उत्तरं अंदाजपत्रक तयार होण्याआधी हातात हवीत. तांत्रिक मान्यता झाल्यावर एक फाटक वाढवायचं म्हटलं तरी सुधारित अंदाजपत्रक करावं लागतं, आणि त्यात वर्ष जातं.

## टप्पा १ : जागेचे कागद आणि जमिनीवरची वहिवाट

सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची 'क' प्रत, ही तिन्ही शेजारी ठेवून बघा. जुन्या शाळांची जागा बऱ्याचदा गावातल्या कुणा आजोबांनी तोंडी दिलेली असते. बक्षीसपत्र नोंदलेलं नसतं, नाहीतर नोंदलेलं असूनही फेरफार झालेला नसतो. शाळा दोन पिढ्या चालते आणि सातबाऱ्यावर नाव त्याच घराचं राहतं. नातवंडांना हे आठवतं ते पाया खोदायला जेसीबी आल्यावर.

मोजणीची प्रत मिळाली की तिची झेरॉक्स घेऊन आवारात फिरा आणि पेन्सिलीनं खुणा करा: कुठून पायवाट जाते, बोअर किंवा हातपंप कुठे आहे, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे निघतं, वडा-पिंपळाचा पार, गावदेवाचा दगड, एखादी समाधी. सरकारी नकाशात यातलं काहीच नसतं, आणि भांडणं नेमकी यावरूनच होतात.

अनुसूचित क्षेत्रात असाल तर आणखी एक गोष्ट बघा. पेसाच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गावाचा दर्जा आणि स्वतःची ग्रामसभा मिळालेली असू शकते. तिथे ठराव त्या ग्रामसभेचा हवा, ग्रुप ग्रामपंचायतीचा पुरत नाही.

तपासा: हद्दीच्या चारही कोपऱ्यांना मोजणीच्या खुणा सापडतात का? एकजरी सापडत नसेल तर पुन्हा मोजणी मागवा. कंपाउंडचा विषय त्यानंतर.

## टप्पा २ : वर्षभराची वापर-नोंद

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका इथून निघतात. एका वहीत सात रकाने आखा: काय चालतं, कधी, किती माणसं, कुठून आत येतात, पाणी-वीज-संडास यांतलं काय लागतं, चावी कुणाकडे असते, नंतर साफसफाई कोण करतं.

आता जूनपासून मेपर्यंत एकेक महिना घेऊन भरा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, ग्रामसभा, मतदान, लसीकरण, स्नेहसंमेलन हे सगळ्यांनाच आठवतं. त्यापलीकडचं आठवायला जरा बसावं लागतं. शाळेच्या फरशीवर एप्रिलमध्ये कुरडया-पापड वाळतात. ज्यांना खळं उरलेलं नाही त्यांचं सोयाबीन सुगीत मैदानावर पसरलेलं असतं. पहाटे पोलीस भरतीची पोरं पळायला येतात. बचत गटाची बैठक व्हरांड्यात होते. नवरात्रात हादगा, भोंडला किंवा खानदेश-विदर्भाकडे भुलाबाई. सप्ताहाची पंगत. तांड्यावर होळीला लेंगी गाणी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे जत्रांचा, हंगाम सुरू झाला की रात्रभराची नाटकं, आणि त्या मंडपाच्या खांबांसाठी मैदानभर खणलेले खड्डे, जे पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणी बुजवत नाही.

नकोसा वापरही लिहा: रात्री व्हरांड्यात पत्ते, पायऱ्यांवर बाटल्या, संडासाच्या फुटलेल्या कड्या. हे वहीत आलं नाही तर आराखड्यात त्याचं उत्तरही येणार नाही.

नोंद एकट्या मुख्याध्यापकांनी भरू नये. त्यांची बदली होऊन एक-दोन वर्षंच झालेली असू शकतात. शाळेसमोरच्या घरातली एखादी आजी, शाळेचे शिपाई असतील तर ते, पोषण आहार शिजवणाऱ्या बाई आणि मैदानावर रोज खेळणारं एखादं पोरगं, एवढी माणसं बसली तरी वही दोन संध्याकाळींत भरते.

इशारा: 'आमच्या गावात असलं काही होत नाही' असं उत्तर आलं तर विचारलेलं माणूस चुकीचं आहे असं समजा.

## टप्पा ३ : बैठका कुठे आणि कुणाबरोबर

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात. कलम २२ नं याच समितीकडे शाळा विकास आराखडा करायचं काम दिलं आहे. म्हणजे 'हे ठरवणारे तुम्ही कोण' असं कुणी विचारलं तर उत्तर कायद्यात आहे. कागदावरची समिती आणि खरोखर येणारी समिती यांत फरक असतो, हेही तितकंच खरं. सह्या घरी फिरवून घेतलेल्या असतील तर हे काम हातात घेण्याआधी समिती नीट उभी करा.

बैठक नेहमीप्रमाणे देवळाच्या सभामंडपात ठेवली की कोण येतं आणि कोण दाराशीच बसतं, हे गावातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून बैठका फिरत्या ठेवा: एक बौद्धवाड्यात, एक तांड्यावर किंवा पाड्यावर, एक शाळेत. गावातली सगळ्यांना पाय ठेवता येईल अशी जागा अनेकदा शाळा हीच असते. वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी समाजमंदिरं असलेल्या गावात शाळेच्या मैदानाचं मोल त्यामुळेच जास्त.

बायकांशी वेगळं बोला. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच, तिचा उपयोग करा. पुरुष मैदान आणि व्यासपीठ मागतात. बायका पाणी, दिवा आणि कडी लागणारं संडास मागतात. मुलांना मात्र प्रश्न विचारू नका. आवाराचा मोठा कागद पसरा आणि जिथे खेळतात, जिथे भीती वाटते, जिथे डबा खातात तिथे खडे ठेवायला सांगा. मागच्या कोपऱ्यातल्या संडासावर भीतीचे खडे पडले तर त्याची जागाच बदलायची आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत बैठक दिवाळीच्या आधी उरका. नंतर निम्मं गाव कारखान्याच्या फडावर असतं.

## टप्पा ४ : काय पाडायचं, काय वाचवायचं

धोकादायक इमारत पाडायला निर्लेखनाची, म्हणजे ती सरकारी नोंदीतून कमी करण्याची, मंजुरी लागते: समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पुढे, उपअभियंत्यांचा अहवाल आणि मग जिल्हा परिषदेची मान्यता. सामानाचा लिलाव होतो. इथे दोन चुका नेहमीच्या.

एक म्हणजे नव्या बांधकामाचा निधी हातात नसताना जुनी इमारत पाडणं. मग मुलं देवळात, कुणाच्या ओसरीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, आणि 'दोन महिने' म्हणता म्हणता दोन पावसाळे जातात. खोली खरोखर धोकादायक असेल तर तिला कुलूप लावून फलक लावा आणि मुलांना हलवा. पाडण्याची तारीख कार्यारंभ आदेशाला जोडा.

दुसरी चूक वाचवायच्या वस्तूंची यादी न करण्याची. लिलाव लागला की घडीव काळा दगड, सागवानी तुळया, शहाबादी फरशा सगळं ट्रॅक्टरमध्ये जातं. पितळी घंटा, कोनशिला, वर्गणीदारांच्या नावांची फरशी, जुना फळा यांची यादी फोटोसकट करून जडवस्तू नोंदवहीशी ताडून घ्या आणि 'या वस्तू नव्या इमारतीत वापरायच्या आहेत' असं ठरावातच लिहा. कोनशिला नव्या व्हरांड्यात बसवायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. घडीव दगडांचा पाराभोवती छान कट्टा होतो.

सगळ्यात आधी कपाट हलवा. जनरल रजिस्टरं म्हणजे गावाचं दफ्तर. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद शोधली जाते, आणि पुष्कळांना ती याच रजिस्टरांत सापडते. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून तर या वह्यांना सोन्याचा भाव आला आहे. काही जुनी पानं मोडीत असतात. स्कॅन करून घ्या, एक प्रत पंचायत समितीत द्या, मूळ वह्या कोरड्या जागी कुलपात ठेवा आणि कुणाच्या ताब्यात आहेत ते सहीनिशी लिहा. खोली पाडायच्या आदल्या दिवशी पोत्यात भरलेलं रजिस्टर पुन्हा सापडत नाही.

झाडाबाबत थोडं थांबून ठरवा. वडाचा पार आराखड्याच्या आड येतो म्हणून तोडायचा सल्ला मिळेल. खोली दहा फूट सरकवून बघितल्याशिवाय मान्य करू नका. तोडायलाच लागलं तर परवानगीशिवाय नको.

इशारा: आवारात गावदेवाचा दगड किंवा समाधी असेल तर ती हलवू नका, पण नवं देऊळही बांधू नका. सार्वजनिक जागेवर अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही हे संविधानाच्या कलम २८ मध्ये आहे. त्या जागेला शाळेच्या फाटकातून न जाता बाहेरून वाट द्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रश्न मिटतो.

## टप्पा ५ : नियमावली आधी, नकाशा नंतर

लोक हा क्रम नेमका उलटा करतात. इमारत झाल्यावर नियम करायला बसतात आणि मग कळतं की वेगळं मीटर नाही, वेगळं फाटक नाही, तेव्हा नियम पाळायचे कसे. म्हणून एक पानी नियमावली आधी लिहा. पुढचा नकाशा तिच्यातूनच निघतो.

त्यात एवढं हवं: शाळेच्या वेळेत गावाला कुठलाही भाग खुला नाही. वर्गखोल्या कधीच कार्यक्रमाला द्यायच्या नाहीत, निवडणूक आणि आपत्ती सोडून. मैदान, व्यासपीठ आणि वाचनालयाची खोली कुठल्या वेळेत खुली ते स्पष्ट. अर्ज कुणाकडे, किती दिवस आधी. अनामत किती. साफसफाई कुणाची. वीजबिल कुणाचं. नुकसान झालं तर भरणार कोण. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा नियम शाळेनं केलेला नसून कायद्याचा आहे, तेही लिहून टाका. दारू, तंबाखू आणि आवारात पक्षाचे मेळावे यांना सरळ नकार.

शिक्षकांना या व्यवस्थेचं व्यवस्थापक करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं त्यांना लावता येतात. रात्री साडेदहाला चावी परत घ्यायला गुरुजींनी थांबायचं असेल तर ती व्यवस्था महिनाभरात मोडते. चावी ग्रामपंचायतीकडे, नोंदवही ग्रामपंचायतीकडे, आणि समितीतल्या एका पालकाकडे देखरेख.

लग्नांबाबत माझं मत स्पष्ट आहे: देऊ नयेत. मांडव, जेवणावळ, उष्ट्या पत्रावळी, वरातीचा डीजे यात सोमवारची शाळा बुडते, आणि एकाला दिलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. वस्तीला दुसरी जागाच नसेल आणि द्यायचंच ठरलं तर फक्त उन्हाळी सुटीत, सगळ्या समाजांना एकाच दरात.

## टप्पा ६ : नकाशा

शाखा अभियंत्यांना भेटताना वापर-नोंद, नियमावली आणि खुणा केलेली 'क' प्रत बरोबर न्या. तोंडी मागण्या घेऊन गेलात तर ठरावीक नकाशाच मिळेल. अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना कागद लागतो.

दोन भाग, दोन फाटकं. वर्ग, मुलांची स्वच्छतागृहं आणि स्वयंपाकघर आतल्या भागात. मैदान, व्यासपीठ, वाचनालय आणि बाहेरच्यांचं स्वच्छतागृह बाहेरच्या भागात. मध्ये कुलपाचं फाटक. बाहेरच्या भागाला रस्त्यावरून थेट दुसरं फाटक हवं, ट्रॅक्टर आत येईल एवढं रुंद. मुलांच्या सुरक्षेचे सगळे प्रश्न या एका रेषेवर सुटतात किंवा अडतात. शाळेच्या वेळेत बाहेरचं फाटक बंद राहणार असेल तर आतल्या फाटकावर नजर ठेवणं एका माणसाला जमतं.

पाणी. बोअर आवारात असेल आणि वस्ती तिथून पाणी भरत असेल तर कंपाउंडनं ती वाट बंद करू नका. पाइप भिंतीतून बाहेर काढा आणि नळकोंडाळं रस्त्याच्या बाजूला बांधा. शाळेच्या टाकीला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात सकाळीच टाकी रिकामी होते आणि मुलांना हात धुवायला पाणी उरत नाही. पायवाटेचंही तसंच. ती मैदानाच्या कडेनं वळवा. बंद केलीत तर लोक भिंत फोडतील, आणि मग त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

स्वच्छतागृहं. मुलींचं, मुलांचं आणि अपंग मुलांसाठी एक, आतल्या भागात. बाहेरच्यांसाठी वेगळं. बाहेरचं गाळून पैसे वाचवले की ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी मुलींच्या संडासाची अवस्था बघवत नाही, आणि मुली पाणी प्यायचं सोडतात.

उतार. बारा फुटाला एक फूट चढ, हे प्रमाण. जोतं ६० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. बहुतेक शाळांत तो पायऱ्यांच्या शेजारी कसाबसा दोन मीटरचा असतो, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि मुलं घसरगुंडी खेळतात. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारासमोर खुर्ची वळेल एवढी सपाट जागा. आवार लहान असेल तर रॅम्प वळवून घ्या किंवा जोत्याची उंचीच पुन्हा बघा. हाच रॅम्प मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनाही लागतो. मतदान केंद्र तळमजल्यावरच असतं, त्यामुळे दुमजली इमारत असेल तर खालची एक मोठी खोली त्यासाठी धरून चला.

व्यासपीठ. मैदानाच्या उत्तर टोकाला ठेवा. मुलं उत्तरेकडे तोंड करून उभी राहतात, आणि सकाळच्या परिपाठाला किंवा दुपारच्या कार्यक्रमाला ऊन डोळ्यांत जात नाही. उंची दोन फूट पुरे. चार फुटांचं व्यासपीठ पुढाऱ्यांना आवडतं, पहिलीतल्या पोरीला त्यावर चढता येत नाही. मागे एक आडोशाची खोली, आतून कडी आणि दिवा. एरवी ती खेळाच्या सामानाची खोली होते. मंडपाचे खांब उभे करायला मैदानाच्या कडेनं ठरावीक अंतरावर लोखंडी नळ्या जमिनीत पुरून वर झाकणं लावा. नाटकवाले, गणपतीवाले, सप्ताहवाले सगळे त्याच वापरतील आणि खड्डे खणणं थांबेल. मधला गोल मोकळा ठेवा, हादगा आणि लेझीम तिथेच होतात. पेव्हर ब्लॉक घालायचा मोह आवरा. त्यावर कबड्डी खेळता येत नाही, आणि मेमध्ये अनवाणी पोरांचे पाय भाजतात.

वाचनालय. एक दार शाळेच्या बाजूला, एक बाहेरच्या भागात. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. रात्री नऊपर्यंत दिवा आणि माणसं असली की व्हरांड्यातले पत्ते बरेचसे आपोआप उठतात.

वीज. बाहेरच्या भागाला ग्रामपंचायतीच्या नावानं वेगळं मीटर.

तपासा: जमिनीवर फक्कीनं नकाशा आखा आणि गावाला बोलवा. पाणी भरणाऱ्या बाईला डोक्यावर हंडा घेऊन आखलेल्या वाटेनं चालायला सांगा. चाकाच्या खुर्चीतलं मूल किंवा काठी टेकत येणारे आजोबा फाटकापासून वर्गापर्यंत कसे जातील ते बघा. चुका इथे दिसल्या तर फक्की पुसून दुरुस्त होतात.

## टप्पा ७ : ठराव आणि पैसा

आधी समितीचा ठराव, मग महिला सभा, मग ग्रामसभा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. ती नसताना घेतलेला ठराव पुढे कुणीही उडवून लावू शकतो. ठरावात नियमावली आणि आखलेला नकाशा जोडपत्र म्हणून लावा. 'गावाच्या सोयीनुसार' असले शब्द नकोत. फाटकं दोन, मीटर दोन, नळकोंडाळं बाहेर, असं मोजून लिहा.

वर्गखोल्यांसाठी आलेल्या पैशातून व्यासपीठ बांधता येत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. म्हणून सुरुवातीपासून वाटणी करा. वर्ग, रॅम्प आणि आतली स्वच्छतागृहं समग्र शिक्षा किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून. बाहेरचं स्वच्छतागृह आणि नळकोंडाळं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घाला, वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील हिस्सा असतो. व्यासपीठ, वाचनालय आमदार निधी, सीएसआर किंवा लोकवर्गणीतून. नकाशा मात्र सगळ्यांचा एकच असला पाहिजे, नाहीतर सीएसआरवाल्यांची खोली नेमकी पायवाटेवर उभी राहते.

वर्गणी घ्याल तर पावती देऊन आणि समितीच्या बँक खात्यात. ज्याला पैसे झेपत नाहीत त्याच्याकडून श्रमदान घ्या आणि तेही वहीत लिहा. फरशीवर नाव लावायचं तर देणगीच्या आकड्याशिवाय, सगळ्यांची एकाच मापाच्या अक्षरांत.

इशारा: स्वागत कमान अंदाजपत्रकात घेऊ नका. तिच्यावर कुणाचं नाव यावरून गाव दोन गटांत उभं राहतं आणि मूळ काम अडकतं. पुतळ्याचंही तेच, त्याला तर शासनाची वेगळी परवानगी लागते.

## टप्पा ८ : काम चालू असताना

आचारसंहिता लागली की नवा कार्यारंभ आदेश निघत नाही. निवडणुका जवळ असतील तर तारखा उलट्या मोजा. काळ्या जमिनीत पाया पावसाआधी जोत्याच्या वर यायलाच हवा.

मुलांची तात्पुरती सोय कुठे, किती महिने, तिथे संडास आहे का, पोषण आहार कुठे शिजणार, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा. तात्पुरती जागा अशी नको की काही मुलांच्या घरचे तिला टाळतील. कुणाच्या तरी खाजगी वाड्यात किंवा एका समाजाच्या सभागृहात शाळा हलली की कधीकधी पटावरची मुलं गळतात, आणि कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही.

समितीतल्या दोघांनी आठवड्यातून एकदा जागेवर जाऊन मोजून बघायचं: रॅम्पची लांबी, दाराची रुंदी, मधल्या फाटकाची जागा. ठेकेदार बदल करतो तो वाईट हेतूनंच असं नाही. त्याच्या दृष्टीनं दोन मीटरचा रॅम्पही रॅम्पच. पण काँक्रीट पडल्यावर बोलून उपयोग नसतो. फोटो तारखेसह ठेवा.

## टप्पा ९ : भिंती, भाषा, फलक

हे शेवटी येतं, आणि थोडकं असावं. वारली चित्रकला सुंदर आहे, पण मराठवाड्यातल्या शाळेच्या भिंतीवर ती का, याचं उत्तर 'पेंटरला तेवढंच येतं' हे नसावं. आपल्या भागात काय आहे ते आधी बघा. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या आसपास चित्रकथी आहे, गावोगावी चुली-ओट्यांवरची रांगोळी आहे, तांड्यावरचं भरतकाम आहे. भिंत रंगवायला गावातल्याच हाताला बोलवा आणि मजुरी द्या. 'तुमची कला आहे ना' म्हणून फुकट राबवू नका.

मुलांची घरची भाषा गोंडी, कोरकू, पावरी, भिली किंवा गोरमाटी असेल तर फाटकावरचा फलक, संडासावरच्या पाट्या आणि वाचनालयाची वेळ मराठीबरोबर त्या भाषेतही लिहा, देवनागरीत. मजकूर गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. चुकीचा शब्द भिंतीवर गेला की पोरं वर्षानुवर्षं हसतात.

नियमावलीचा फलक बाहेरच्या फाटकाच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर.

## टप्पा १० : ताबा

ताबा घ्यायच्या दिवशी अंदाजपत्रकाची प्रत हातात घेऊन फिरा. दोन्ही मीटर चालू आहेत का, बाहेरच्या नळाला पाणी येतं का, मधल्या फाटकाला कुलूप लागतं का, आडोशाच्या खोलीची कडी आतून बसते का. चाकाची खुर्ची नसेल तर आरोग्य केंद्रातून तासाभरासाठी मागून आणा आणि रॅम्पवर खरोखर चालवा. काही राहिलं असेल तर ताबा पत्रावर 'अपूर्ण' म्हणून लिहूनच सही करा. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, पाहुणे येणार असतात, आणि 'नंतर करून देतो' हे वाक्य त्याच दिवशी ऐकू येतं.

पहिला कार्यक्रम लहान ठेवा, ग्रामसभा किंवा बचत गटाचा मेळावा, म्हणजे चावी, अनामत आणि साफसफाईची नोंदवही वापरून बघता येते. पहिल्या पावसात छत, व्हरांडा आणि मैदानाचा निचरा बघा. गळती दिसली तर दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायची मुदत) संपायच्या आत उपअभियंत्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही.